बार्डचे 'करेजस ॲन्थम': दुसऱ्यांच्या फाशांत मोजले जाणारे गाणे

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

आमच्या गटात पाथफाइंडर या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची दुसरी आवृत्ती खेळली जाते आणि तिथे मी गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, असते. नव्याने आलेल्या एका मैत्रिणीने बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारे पात्र, निवडला, हौसेने त्याची पूर्वकथा लिहिली, आणि आता पाचव्या लेव्हलला पोहोचल्यावर तिला पात्र बदलायचे आहे. तिचे म्हणणे असे, की दर राउंडला ती एक ॲक्शन खर्चून 'करेजस ॲन्थम' म्हणते, बाकीचे खेळाडू आपापल्या बेरजेत एक मिळवतात, आणि वाहवा मात्र सगळी तलवार चालवणाऱ्याच्या वाट्याला जाते. पात्र बदलण्याचा हक्क तिचा आहे आणि मी तिला अडवणार नाही. परंतु ज्या कारणासाठी ती बार्ड सोडते आहे, ते कारण खरे नाही असे मला मनापासून वाटते. तिच्या बार्डने आमच्या गटाला अनेकदा तारले आहे, फक्त ते कोणाच्या लक्षात आलेले नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांनी ही आवृत्ती खेळलेली नाही त्यांच्यासाठी आधी नियम सांगते. २०१९ च्या मूळ नियमपुस्तकात या स्पेलचे (मंत्राचे) नाव 'इन्स्पायर करेज' होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारित 'प्लेयर कोअर' आले तेव्हा ते 'करेजस ॲन्थम' झाले, काम मात्र तेच राहिले. हा कॅन्ट्रिप असल्यामुळे तो दिवसभरात कितीही वेळा म्हणता येतो आणि त्याला पाळीतल्या तीनपैकी एकच ॲक्शन लागते. बार्डभोवतीच्या ६० फुटांत, म्हणजे नकाशावरच्या १२ चौकटींत, असलेल्या सर्व साथीदारांना आणि स्वतः बार्डला हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर, डॅमेजवर (शत्रूला होणाऱ्या इजेवर) आणि भीतीविरुद्धच्या सेव्हवर (बचावाच्या फाशावर) १ चा स्टेटस बोनस मिळतो, आणि तो बार्डची पुढची पाळी सुरू होईपर्यंत टिकतो. स्पेल फसण्याचा प्रश्न येत नाही, कारण त्यासाठी फासा टाकावाच लागत नाही.

आता या एकाचे मोल पाहू. या आवृत्तीत हल्ल्याची बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासपेक्षा (वार लागण्यासाठी गाठायच्या आकड्यापेक्षा) १० ने जास्त आली की तो क्रिटिकल ठरतो आणि डॅमेज दुप्पट होते. त्यामुळे प्रत्येक अधिक एकाचा लाभ दोन ठिकाणी होतो. समजा, आमच्या फायटरला एखाद्या शत्रूला मारण्यासाठी फाशावर ८ लागतात. मग ८ ते १७ या दहा आकड्यांवर साधा घाव बसतो आणि १८, १९, २० वर क्रिटिकल. साध्या घावाचे डॅमेज एक धरले, तर एका हल्ल्यामागे सरासरी ०.८ पदरात पडते. गाणे चालू असताना घाव ७ वर बसतो आणि क्रिटिकल १७ पासून सुरू होतो. साध्या घावाचे आकडे दहाच राहतात, क्रिटिकलचे चार होतात, आणि सरासरी ०.९ वर जाते. म्हणजे डॅमेजवरचा अधिक एक अजून धरलेलाही नाही, तोच साडेबारा टक्के वाढ झाली. दुसरा हल्ला ५ ने कमी असतो, त्याला १३ लागतात. तिथे सरासरी ०.४५ वरून ०.५० होते, म्हणजे तिथेही ११ टक्क्यांची वाढ आहेच.

हाच हिशेब वेगळ्या रीतीने मांडला तर पहिल्या हल्ल्याच्या वीस आकड्यांपैकी दोन आकड्यांचा निकाल गाण्यामुळे बदलतो. दर दहा हल्ल्यांमागे सरासरी एक हल्ला बार्डमुळे लागतो किंवा बार्डमुळे क्रिटिकल होतो. चार जणांच्या गटात शत्रूवर तुटून पडणारे दोन-तीन जण असले, एखादा प्राणी सोबतीला असला, तर एका लढाईत असे एक-दोन प्रसंग हमखास येतात. ते प्रसंग कोणते, हे मात्र टेबलावर कोणालाच कळत नाही, कारण खेळाडू बोनस मिळवूनच बेरीज सांगतो आणि मी 'लागला' एवढेच म्हणते.

मला आपणा सर्वांकडून दोन बाबतींत अनुभव हवा आहे. एक म्हणजे, पाचव्या लेव्हलच्या माएस्ट्रो (बार्डचा एक उपप्रकार) बार्डने आपल्या तीन ॲक्शन कशा वापराव्यात, जेणेकरून दर पाळीला तेच ते केल्यासारखे वाटणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या गाण्याचा परिणाम टेबलावर दिसावा यासाठी आपल्याकडे काय करतात. बार्ड हा वर्गच कमजोर आहे, ही चर्चा कृपया इथे नको.

वीसमुखी

हिशेब बरोबर आहे. त्यात डॅमेजचा अधिक एक मिळवून पाहिला तर खालच्या लेव्हलचे चित्र आणखी ठळक होते. पहिल्या लेव्हलचा लाँगस्वोर्डवाला योद्धा आठ बाजूंचा फासा अधिक ४ असे डॅमेज करतो, म्हणजे सरासरी साडेआठ. ८ ला लागणाऱ्या हल्ल्यावर त्याचे अपेक्षित डॅमेज ६.८ होते, गाण्यासह तेच ०.९ गुणिले साडेनऊ, म्हणजे ८.५५ होते. ही वाढ पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त आहे. एका ॲक्शनमध्ये, कोणताही स्पेल स्लॉट (दिवसाला मोजकेच मिळणारे मंत्र) खर्च न करता, गटातल्या प्रत्येक हल्लेखोराला पाव पट वाढ देणारी दुसरी गोष्ट पहिल्या लेव्हलला मला तरी माहीत नाही. पुढे शस्त्रांचे फासे वाढतात तसा डॅमेजवरचा एक नगण्य होत जातो, पण हल्ल्यावरचा एक शेवटपर्यंत तितकाच मोलाचा राहतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. माएस्ट्रो असल्यामुळे तुमच्या मैत्रिणीकडे 'लिंगरिंग कॉम्पोझिशन' हा फोकस स्पेल (फोकस पॉइंट खर्चून टाकायचा मंत्र) असणारच, आणि माझ्या मते तिच्या कंटाळ्याचे औषध तिथेच आहे. ही फ्री ॲक्शन आहे. ती केल्यावर लगेच ॲन्थम म्हणायचे आणि परफॉर्मन्सचा (सादरीकरणाच्या कौशल्याचा) फासा टाकायचा; यश आले तर गाणे ३ राउंड टिकते, क्रिटिकल यश आले तर ४ राउंड, आणि अपयश आले तर नेहमीप्रमाणे एकच राउंड टिकते, पण फोकस पॉइंट परत मिळतो. म्हणजे यात तोटा होण्याची वाटच नाही. पाचव्या लेव्हलच्या गटासाठी याचा डीसी (गाठायचा आकडा) साधारणपणे २० असतो. तिचा परफॉर्मन्स एक्स्पर्ट आणि करिश्मा अधिक ४ असेल तर एकूण अधिक १३ होतात, म्हणजे फाशावर ७ आले की काम झाले. सत्तर टक्के वेळा गाणे टिकेल: पन्नास टक्के वेळा ३ राउंड आणि वीस टक्के वेळा ४ राउंड. चांगल्या वाद्याचा आयटम बोनस मिळाला तर आणखी बरे.

याने नेमके काय बदलते ते पाहा. दर पाळीला गाणे म्हटले तर एक ॲक्शन त्यात जाते, दोन ॲक्शनचा एखादा स्पेल टाकला की पाळी संपते, आणि बार्ड जागचा हलू शकत नाही. गाणे टिकले तर पुढच्या दोन पाळ्यांत तिसरी ॲक्शन मोकळी राहते: पुढे सरकावे, ढाल उचलावी, किंवा 'व्हर्सटाइल परफॉर्मन्स' असेल तर इंटिमिडेशनऐवजी परफॉर्मन्सच वापरून शत्रूला डीमोरलाइझ करावे (घाबरवावे). 'काउंटर परफॉर्मन्स' हा दुसरा फोकस स्पेल तिला वर्गामुळेच मिळालेला असल्याने तिच्या साठ्यात दोन फोकस पॉइंट असतात. दोन्ही लिंगरिंगवर खर्च केले तर बहुतेक लढाया संपेपर्यंत तिला फक्त दोनदाच ॲन्थमवर ॲक्शन घालवावी लागेल.

आठव्या लेव्हलला 'फोर्टिसिमो कॉम्पोझिशन' (जुने 'इन्स्पायर हिरोइक्स') मिळते तेव्हा निवड अवघड होते. त्यात यशाला बोनस २ होतो आणि क्रिटिकल यशाला ३, परंतु डीसी 'व्हेरी हार्ड' असतो, म्हणजे आठव्या लेव्हलला २९. मास्टर परफॉर्मन्सचे अधिक १८ धरले तर ११ लागतात. निम्म्या वेळा जमेल आणि ३ चा बोनस फक्त २० आले तरच मिळेल. लिंगरिंग आणि फोर्टिसिमो एकाच गाण्याला लावता येत नाहीत, कारण दोन्हींची अट 'पुढचीच ॲक्शन गाण्याची असावी' अशी आहे. फोर्टिसिमो मी एकाच वेळी वापरावे असे म्हणेन: जेव्हा गटातले सगळे हल्लेखोर शत्रूला भिडलेले आहेत, बार्डच्या लगेच मागोमाग त्यांच्या पाळ्या आहेत, आणि हा राउंड निर्णायक आहे. वरच्याच उदाहरणात २ चा बोनस मिळाला तर सरासरी ०.८ वरून थेट १ वर जाते.

तटबंदी

धागाकर्तीच्या हेतूबद्दल पूर्ण आदर ठेवून मी थोडा वेगळा सूर लावतो. तुमच्या मैत्रिणीची तक्रार केवळ वाहवेची नसावी. एखादी गोष्ट इतकी चांगली असते की ती न करणे हा गटावर अन्याय वाटू लागतो, तेव्हा ती निवड उरत नाही, हप्ता होते. मी स्वतः बरेच महिने बार्ड खेळलो आहे आणि माझ्यावर सर्वांत जास्त दडपण कशाचे असेल तर ते 'गाणे चालू आहे ना?' या प्रश्नाचे होते. गाण्याचे महत्त्व जितके ठळक कराल तितके हे दडपण वाढेल, ही माझी खरी काळजी आहे.

त्यामुळे माझा सल्ला असा, की ॲन्थम केव्हा म्हणू नये हे तिला आधी शिकवा. पहिल्या राउंडला बार्डची पाळी सगळ्यांच्या शेवटी आली असेल आणि साथीदार अजून शत्रूपर्यंत पोहोचायचे असतील, तर त्या राउंडला गाण्याचा लाभ अगदी थोडा असतो. गटात बाण सोडणारे किंवा तलवार चालवणारे एक-दोनच असतील आणि बाकीचे सेव्ह मागणारे स्पेल टाकत असतील, तर त्यांना ॲन्थमकडून फक्त डॅमेजवरचा एक मिळतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, कोणी आधीच 'ब्लेस' किंवा 'हिरोइझम' टाकला असेल तर तोही स्टेटस बोनसच असतो आणि दोन स्टेटस बोनसांची बेरीज होत नाही. जो मोठा असेल तोच धरला जातो. सहाव्या रँकचा हिरोइझम अधिक २ देतो, त्याच्यापुढे त्या योद्ध्याच्या हल्ल्याला ॲन्थमचा काहीच उपयोग नाही. उलट शत्रूला दोन बाजूंनी घेरणे, एड देणे, शस्त्रावरचे रून हे सगळे वेगळ्या प्रकारचे असल्यामुळे गाण्यासोबत पूर्णपणे मोजले जातात.

सहाव्या लेव्हलला 'डर्ज ऑफ डूम' घ्यायला सांगा, हे मी आग्रहाने म्हणतो. ३० फुटांतल्या शत्रूंना कोणताही सेव्ह न देता फ्राइटन्ड १ (भेदरलेली अवस्था) लागते आणि ते त्या टापूत असेपर्यंत एकाच्या खाली उतरत नाही. शत्रूचा आर्मर क्लास एकाने घटतो, म्हणजे आपल्या हल्ल्यांना ॲन्थमइतकीच मदत होते; शिवाय त्याचे हल्ले एकाने कमी होतात आणि त्याचे सेव्हही एकाने कमी होतात. गटात विझर्ड किंवा विच असेल तर मी ॲन्थमआधी डर्जच निवडतो. त्याची किंमतही आहेच. बार्डला ३० फुटांत जावे लागते, आणि लेव्हलमागे ८ हिट पॉइंट असलेल्या पात्रासाठी ती जागा सुखाची नसते. झोंबी, सांगाडे, बहुतेक कन्स्ट्रक्ट यांच्यासारखे ज्यांना मनच नाही त्यांच्यावर डर्ज चालत नाही. (हाच नियम आपल्या बाजूलाही लागू होतो: ॲन्थम हा मेंटल परिणाम असल्यामुळे आपण बोलावलेल्या मनविरहित सांगाड्याला त्याचा बोनस मिळत नाही, आणि हे टेबलावर वारंवार विसरले जाते.)

एक गाणे चालू असताना दुसरे सुरू केले की पहिले संपते, आणि एका पाळीत एकच गाणे म्हणता येते. लिंगरिंगने टिकवलेले ॲन्थमसुद्धा डर्ज सुरू करताच तुटते. दोन्ही एकदम हवी असतील तर 'हार्मनाइझ' लागते आणि त्यात अख्खी पाळी जाते. म्हणजे सहाव्या लेव्हलपासून बार्डला दर पाळीला खरी निवड करावी लागते, आणि माझ्या मते तुमच्या मैत्रिणीला तिथपर्यंत पोहोचू द्यावे. ती एकच लेव्हल दूर आहे.

जुने_पान

वरच्या चर्चेत हप्त्याचा मुद्दा आला म्हणून हा अधिक एक आला कुठून हे सांगावेसे वाटते, कारण त्यात पाथफाइंडरच्या रचनाकारांनी काय बदलले ते स्पष्ट दिसते.

पाथफाइंडर ज्यातून निघाला त्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये बार्ड पहिल्यांदा आला तो फेब्रुवारी १९७६ च्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या अंकात, डग श्वेगमन यांच्या लेखातून. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तो परिशिष्टात होता आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी फायटर, मग थीफ अशी वाट तुडवावी लागे. त्या बार्डचे काव्य साथीदारांचे मनोबल दहा टक्क्यांनी वाढवत असे आणि हल्ल्यावर अधिक १ देत असे. मात्र त्यासाठी दोन पूर्ण राउंड गात राहावे लागे. म्हणजे अधिक एक हा तेव्हापासूनचा आहे. बदलत गेली ती त्याची किंमत.

तिसऱ्या आवृत्तीत (२०००) 'इन्स्पायर करेज' या नावाने ते वर्गाचे मुख्य कौशल्य झाले. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत बोनस आठव्या लेव्हलला २, चौदाव्याला ३ आणि विसाव्याला ४ असा वाढत जाई, आणि गाणे थांबल्यावरही पाच राउंड टिके. पण दिवसातून बार्डच्या लेव्हलइतक्याच वेळा संगीत वापरता येई. २००९ च्या पहिल्या पाथफाइंडरने वेळांऐवजी राउंड मोजायला सुरुवात केली: ४ अधिक करिश्मा मॉडिफायर, आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला आणखी २. तिथे सुरुवातीला गाण्याला स्टँडर्ड ॲक्शन लागे, सातव्या लेव्हलला मूव्ह आणि तेराव्याला स्विफ्ट. एकदा सुरू केले की चालू ठेवणे फ्री ॲक्शन होते. शिवाय हल्ल्यावरचा बोनस 'कॉम्पिटन्स' प्रकारचा केल्यामुळे बार्डच्याच 'गुड होप' स्पेलच्या 'मोराल' बोनसशी त्याची बेरीज होत असे. आमच्या त्या काळच्या गटातली मंडळी आजही त्या जोडीची आठवण काढतात.

दुसऱ्या आवृत्तीने रोजची मर्यादा काढली, बोनस एकावर स्थिर केला, आणि त्याबदल्यात दर राउंडला एक ॲक्शन मागितली. तटबंदी ज्याला हप्ता म्हणतात तो इथे जन्मला. मला मात्र हा सौदा चांगला वाटतो. पूर्वी बार्ड एकदा गाणे सुरू करून मोकळा होई आणि मग सगळे ते विसरत. आता दर पाळीला त्याला 'मी गातो आहे' असे म्हणावे लागते, आणि त्या उच्चाराचा उपयोग करून घेणे टेबलाच्या हातात आहे.

रातवा

मी डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळते, तरी दुसऱ्या प्रश्नावर बोलू इच्छिते. आमच्याकडे 'बार्डिक इन्स्पिरेशन' असते. बोनस ॲक्शनमध्ये ६० फुटांतल्या एका साथीदाराला फासा मिळतो. सुरुवातीला सहा बाजूंचा, पाचव्या लेव्हलला आठ, दहाव्याला दहा आणि पंधराव्याला बारा बाजूंचा. २०१४ च्या नियमांत तो दहा मिनिटे टिके आणि गेममास्टरने निकाल सांगण्यापूर्वी वापरायचा की नाही ते ठरवावे लागे. २०२४ च्या नियमांत तो एक तास टिकतो आणि फासा फसल्यावर वापरता येतो.

गणिताच्या दृष्टीने तुमचे ॲन्थम कदाचित सरस असेल, कारण ते सगळ्यांना मिळते आणि संपत नाही. पण आमच्या बार्डला 'मी काय केले' हा प्रश्न कधीच पडत नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: आमच्याकडे तो फासा खरोखर हातात दिला जातो. बार्ड स्वतःच्या पिशवीतला एक वेगळ्या रंगाचा फासा उचलून समोरच्याच्या हातावर ठेवतो आणि दोन शब्द बोलतो. तो फासा वापरून वार लागला की सगळे टेबल बार्डकडे पाहते, आणि फासा परत करताना आभार मानले जातात. कोणी तसा नियम केलेला नाही, वस्तू हातात असल्यामुळे ते आपोआप घडते.

तुमच्याकडे असे काहीतरी दृश्य करता येईल. गाणे चालू असताना टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड उभे ठेवावे आणि ते उचलण्याचा व ठेवण्याचा मान बार्डचाच असावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खेळाडूंनी बोनस न मिळवता बेरीज सांगावी आणि अधिक एक बार्डने स्वतः मोठ्याने मिळवावा. 'तेवीस.' 'आणि माझा एक, चोवीस.' शत्रूचा आर्मर क्लास २४ असेल तर त्या क्षणी गेममास्टरला काही समजावून सांगावे लागणार नाही.

तटबंदी

हे मला पटले. बार्डचा खेळाडू स्वतः मिळवणार असेल तर 'गाणे चालू आहे ना?' हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही, आणि माझी दडपणाची तक्रारही बरीचशी मिटते. त्यात एकच भर घालतो: धागाकर्तीने मारलेल्या शत्रूचा आर्मर क्लास लढाई संपल्यावर सांगून टाकावा. मग कोणते वार काठावर लागले होते याची उजळणी टेबलावर आपोआप होते.

झीलकरी

माझा बार्ड शाहीर आहे. डफ आणि तुणतुणे हे त्याचे वाद्य म्हणून गेममास्टरने मान्य केले आहे, आणि खेळ इंग्रजी नियमांवर चालत असला तरी आम्ही टेबलावर मराठीतच बोलतो, त्यामुळे मी दोन-दोन ओळी रचून आणतो. या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो.

दर राउंडला नवे काही म्हणायचा हट्ट धरू नये. पहिल्या राउंडला दोन ओळी म्हणाव्यात, आणि पुढच्या राउंडांत फक्त धृपद. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी रं जी' अशी साथ देतात, तशी आमच्याकडे बाकीचे खेळाडू देतात. गाणे चालू आहे याची आठवण त्यामुळे सर्वांना राहते, बार्डच्या खेळाडूला एकट्याने सादरीकरणाचे ओझे उचलावे लागत नाही, आणि ज्याच्यासाठी गाणे आहे त्याचाच आवाज त्यात मिसळतो. तुमच्या मैत्रिणीला गायचा संकोच असेल तर ही रीत तिला सोपी जाईल, कारण साथ सुरू झाली की एकट्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. आपल्याकडे पोवाडा पराक्रम घडून गेल्यावर रचला जातो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा किंवा तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा, दोन्ही घडलेली गोष्ट सांगतात, कोणी काय केले ते नावानिशी सांगतात. पाथफाइंडरमध्ये लढाईनंतर फोकस पॉइंट परत मिळवण्यासाठी बार्डला दहा मिनिटे रीफोकस करावे लागते, आणि ते कसे करायचे तर गाऊन किंवा नवी रचना करून, असे नियमातच आहे. बहुतेक टेबलांवर 'आम्ही दहा मिनिटे थांबतो' एवढे म्हणून हे उरकले जाते. आमच्याकडे त्या वेळी मी नुकत्याच झालेल्या लढाईवर चार ओळी म्हणतो. तटबंदी म्हणतात ती उजळणी त्यातच होते: कोणाचा वार काठावर लागला, कोणी भीतीचा सेव्ह एका गुणाने वाचवला, कोण पडता पडता उभा राहिला. योद्ध्याचे नाव येतेच, आणि सांगणारा बार्ड असल्यामुळे त्याचे गाणे कुठे उपयोगी पडले तेही येते. जखमांवर उपचार करायला बाकीच्यांनाही दहा मिनिटे लागतातच, त्यामुळे खेळाचा वेळ वाया जात नाही.

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मैत्रिणीला हा धागा वाचायला दिला. बोनस तिने स्वतः मोठ्याने मिळवायचा ही रातवा यांची सूचना तिने तत्काळ मान्य केली, आणि सहाव्या लेव्हलपर्यंत बार्डच ठेवून डर्ज घ्यायचे असे तिने ठरवले आहे. रीफोकसच्या ओळी ती लिहून आणणार आहे, पण गाणार नाही, वाचून दाखवणार आहे. तेही मला पुरेसे आहे. लिंगरिंग तिच्याकडे होते, परंतु फोकस पॉइंट 'खऱ्या संकटासाठी' राखून ठेवायची सवय तिला लागली होती. दहा मिनिटांत एक पॉइंट परत येतो, तेव्हा तो प्रत्येक लढाईत खर्च करावा, असे मी तिला सांगितले आहे.

तिचा एक प्रश्न राहिला. आमचा मंक शत्रूला वारंवार ट्रिप करतो, म्हणजे पाडतो, आणि एका पाळीतल्या पुढच्या वारांना लागते तशी वजाबाकी त्यालाही लागते. त्या ट्रिपवर तिने आपला एक मिळवावा का?

वीसमुखी

नाही. ट्रिप, ग्रॅपल (पकडणे) आणि शव्ह (ढकलणे) यांना 'अटॅक' हा ट्रेट (नियमातला शिक्का) आहे, त्यामुळे एकाच पाळीतल्या अनेक हल्ल्यांची वजाबाकी त्यांना लागते. पण टाकायचा फासा ॲथलेटिक्सचा असतो, आणि तो स्किल चेक आहे, हल्ल्याचा फासा नव्हे. म्हणून ॲन्थमचा बोनस तिथे मिळत नाही. डर्ज मात्र तिथे उपयोगी पडते, कारण फ्राइटन्ड शत्रूचा रिफ्लेक्स डीसीही एकाने उतरतो आणि मंकला नेमका तोच गाठायचा असतो. आणि ट्रिप जमल्यावर शत्रू उठू लागला की फायटरला रिॲक्शनमध्ये जो वार मिळतो, तो हल्ल्याचाच फासा असतो. तिची पाळी त्या वेळी चालू नसली तरी गाणे चालू असते, तेव्हा त्या वारावर तिने आपला एक न विसरता मिळवावा.